रविवारचे मटण निम्मे, घरचे सोयाबीन रोज



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खताचे हप्ते यांविषयी लिहितो. या वेळचा विषय चुलीपुढचा आहे. पण त्याची वाट फिरून आपल्याच रानात येते, म्हणून शेतकी खात्याने तो लिहिला तर वावगे होऊ नये.

कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला मटण खाऊ नका असे सांगायला जाणे म्हणजे भर उन्हात पाट फोडण्यासारखेच आहे. तसे सांगण्याचा आमचा विचारही नाही. जत्रा, आखाड, पाहुणे-रावळे हे चालायचेच. पण अलीकडे उसाचे बिल जमा झाले की बुधवार, शुक्रवार आणि रविवार असे आठवड्यातून तीन-तीन वार मटण शिजवणारी घरेही दिसतात. त्याचा भार खिशावर पडतो, तसा शरीरावरही पडतो. तेव्हा मटण कमी कसे करावे, त्याच्या जागी काय घालावे आणि तसे करताना काय सांभाळावे, एवढेच या लेखात सांगतो.

तांबडे मांस म्हणजे काय?

तांबडे मांस म्हणजे तांबडा रस्सा नव्हे! बोकड, मेंढी, डुक्कर, गुरे अशा चार पायांच्या जनावरांच्या मांसाला तांबडे मांस म्हणतात. कोंबडी आणि मासे त्यात धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली अनेक देशांतील अभ्यास तपासले. खारवून, धुरी देऊन किंवा रसायने घालून टिकवलेले मांस आतड्याच्या कर्करोगाला कारण ठरते, असा निष्कर्ष तिने काढला. साधे तांबडे मांस तिने ‘बहुधा कारण ठरणारे’ या गटात ठेवले. शिवाय मेंढीच्या व चरबीदार मटणातली घट्ट चरबी रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवते, आणि ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांना ते परवडणारे नाही.

ज्यांना तांबडे मांस खायचे आहे त्यांनी आठवड्याला शिजवलेले साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या वर जाऊ नये, असा सल्ला या विषयातले तज्ज्ञ देतात. म्हणजे आठवड्यातून एकदा चार फोडी खाणाऱ्याने घाबरून जायचे कारण नाही. हा लेख त्याच्यासाठी नाही. तीन वार करणाऱ्याने मात्र एकदा हिशेब घालून पाहावा.

सगळे खत एका हप्त्यात?

“मटण नाही खाल्लं तर अंगात ताकद कुठनं यायची?” असे आम्हाला बांधावर नेहमी विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. मटणात प्रथिने असतात आणि ती उत्तम प्रतीची असतात. शरीराची झीज भरून काढायला प्रथिने लागतातच. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने हवीत.

पण इथेच एक गोम आहे. शरीर जास्तीची चरबी साठवते, तशी प्रथिने पुढच्या आठवड्यासाठी साठवून ठेवत नाही. रविवारी अर्धा किलो मटण खाल्ले म्हणून ते गुरुवारपर्यंत पुरत नाही. उसाला आपण नत्र कसे देतो? लागणीच्या वेळी थोडे, सहा ते आठ आठवड्यांनी जास्त, मग बारा ते सोळा आठवड्यांनी थोडे आणि मोठ्या बांधणीला उरलेले, असे चार हप्त्यांत देतो. सगळा युरिया लागणीलाच टाकला तर निम्मा पाण्याबरोबर जातो आणि ऊस पिवळाच राहतो, हे आता सांगावे लागत नाही. शरीराचेही तसेच आहे. रविवारी भरमसाट आणि सोमवार ते शनिवार नुसती चटणी-भाकरी, यात ताकद येत नाही. प्रथिनांचा हप्ता रोज लहान का होईना, पण पडला पाहिजे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मटणाच्या दिवशी फोडी कोणाच्या ताटात पडतात? आधी पाहुणे, मग घरातले कर्ते पुरुष, मग पोरे. मागे राहिलेल्या बायांच्या वाट्याला रस्सा आणि हाडे. रस्सा चवीला कितीही झणझणीत असला तरी प्रथिने फोडीत असतात. भांगलणीला दिवसभर वाकून आलेली बाई रिकाम्या रश्श्यात भाकरी कुस्करून खाते आणि आपण म्हणतो, आज घरात मटण झाले! मटण कमी करून दुसरे काही घालायचे ते सगळ्यांना पुरेल असे हवे, ते याचसाठी.

मटणाच्या जागी काय?

पहिला मान सोया वडीचा. सोयाबीनचे तेल काढल्यावर जे पीठ उरते, त्यावर उष्णता आणि दाब देऊन ही वडी यंत्रातून काढतात. शंभर ग्रॅम कोरड्या वडीत सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने असतात. मटणात शंभर ग्रॅमला वीस-एकवीस, तेही हाडे वगळून. पाव किलो मटणाच्या पैशात सुट्टी सोया वडी किलोभर सहज येते. भिजल्यावर ती फुगून जवळजवळ तिप्पट होते.

दुसरा मान आपल्या अख्ख्या मसुराचा. इस्लामपूर-कराड बाजूच्या धाब्यांनी त्याचे नाव केले आहे. मसूर, हुलगा, मटकी, चवळी या सगळ्यांत शंभर ग्रॅमला बावीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. डाळीबरोबर भाकरी किंवा भात खाल्ला की एकातली उणीव दुसरे भरून काढते.

अळिंबी आणि कच्चा फणस यांची भाजी तोंडाला मटणासारखी लागते, हे खरे. पण त्यांत प्रथिने फार थोडी असतात, हे ध्यानात ठेवावे. जिभेची हौस त्यांवर भागवावी, पण सोबत उसळ किंवा डाळ हवीच. शहरात ‘वनस्पतींचे मांस’ म्हणून गोठवलेली पाकिटे मिळतात. ती महाग असतात आणि काहींत मीठही बरेच असते. आपल्याला त्यांची गरज नाही.

निम्मे-निम्मे कसे करावे?

एकदम मटण बंद केले तर घरात भांडण होईल. म्हणून आम्ही सुचवतो ते असे. जिथे एक किलो मटण आणता तिथे अर्धा किलो आणा आणि दीडशे ग्रॅम सोया वडी घाला. हाडे वगळता एक किलो मटणात जेवढी प्रथिने मिळतात, जवळजवळ तेवढीच या दोहोंत मिळून येतात.

वडी नीट केली नाही तर तिला उग्र वास राहतो, आणि मग माणसे ताट सरकवतात. त्यासाठी:

१. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात वडी पाच-सात मिनिटे उकळावी. नंतर थंड पाण्यात टाकून हाताने दोन-तीनदा घट्ट पिळावी. वास त्या पाण्याबरोबर जातो.

२. दही, आले-लसूण, हळद आणि कांदा-लसूण चटणी लावून अर्धा तास मुरत ठेवावी. पिळलेली वडी कोरड्या जमिनीसारखी असते, जे द्याल ते शोषून घेते.

३. थोड्या तेलावर कडा तांबूस होईपर्यंत परतावी.

४. मटण नेहमीप्रमाणे शिजवून अळणी काढावे. भाजलेला कांदा-खोबरे, तीळ, खसखस यांचे वाटण घालून रस्सा करावा आणि शेवटची दहा मिनिटे त्यात वडी सोडावी.

ताटात फोडी आणि वडी दोन्ही सगळ्यांना वाढाव्यात. पुढे-पुढे एका वाराला नुसती वडी, एका वाराला अख्खा मसूर, एका वाराला अंडी, अशी फेरपालट करावी. पिकाची फेरपालट जमिनीला मानवते, तशी ही पोटाला मानवते.

आपले सोयाबीन जाते कुठे?

आता रानात येऊ. १९६० च्या दशकात पंतनगर आणि जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनच्या सुधारित वाणांवर काम सुरू केले. आज सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्राचे ‘फुले संगम’ आणि ‘फुले किमया’ हे वाण आपल्या भागात घरोघरी माहीत आहेत. आडसालीच्या वरंब्यावर सोयाबीन टोकले तर ते सुमारे शंभर-एकशेदहा दिवसांत निघते, मोठ्या बांधणीच्या आत रान मोकळे होते आणि पालापाचोळा उसाला मिळतो.

या दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने असतात. पण मळणी झाली की पोती सरळ अडतीवर जातात. सोयाबीन पिकवणाऱ्याच्या घरात मूठभरही सोयाबीन शिजत नाही, आणि आलेल्या पैशातून मटण येते. आमचे म्हणणे एवढेच की, घराच्या बेगमीला पंचवीस-तीस किलो मागे ठेवावे.

मात्र कच्चे सोयाबीन दळून खाऊ नये. त्यात प्रथिने पचू न देणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच जातात. निवडलेले एक किलो सोयाबीन तीन लिटर उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे उकळावे, उन्हात खडखडीत वाळवावे आणि नऊ किलो गव्हात मिसळून दळावे. चपातीची चव बदलत नाही आणि प्रथिने साधारण पाव हिश्शाने वाढतात. हाच तो रोजचा लहान हप्ता. माळकरी सभासदांच्या घरीही तो चालतो. एक कळकळीची सूचना: पेरणीसाठी औषध लावलेले उरलेले बियाणे चुकूनही खाण्यात आणू नये.

हे सांभाळा

मटणातले लोह अंगी चटकन लागते, डाळी-सोयाबीनमधले तेवढे लागत नाही. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणून उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. ज्या बाईचे रक्त कमी आहे किंवा जी गरोदर आहे, तिच्या ताटातली फोड कमी करू नये. कमी करायची ती कर्त्या पुरुषाने स्वतःच्या ताटातली.

बी-१२ हे जीवनसत्त्व डाळी-सोयाबीनमध्ये नसते. ते दूध, दही आणि अंड्यांतून मिळते. तेव्हा सगळे दूध डेअरीला न घालता पोरांपुरते घरात ठेवावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

येत्या हंगामात आंतरपिकाची आखणी करताना अडतीच्या पोत्यांबरोबर घरच्या डब्याचाही विचार व्हावा. वाण, टोकणीचे अंतर आणि जीवाणू संवर्धक यांची माहिती आपल्या गट कार्यालयात शेतकी मदतनिसांकडे मिळेल. घरी वडी किंवा सोयाबीनची चपाती करून पाहिलीत तर ती कशी झाली तेही त्यांना सांगावे. एकाच्या घरात जमलेली गोष्ट शेजाऱ्याला समजली, की गावभर व्हायला वेळ लागत नाही.

— ऊस विकास अधिकारी