मुखेडहून एका दिवसाची कारसहल

आइसलँडचा रिंगरोड १,३०० किमीहून लांब. आपलं रिंगण एका दिवसात होतं. मुखेड–देगलूर–होट्टल–उदगीर–मुखेड!

📍 मुखेड: सकाळी आधी दशरथेश्वर मंदिर. बाहेरच्या भिंतीवर नाचणाऱ्या सप्तमातृका आहेत. प्रत्येकीची मुद्रा निरखून बघा.

📍 होट्टल: चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर. गाभाऱ्यात अंधार असतो, बॅटरी जवळ ठेवा.

📍 उदगीर: खोल खंदकाचा किल्ला, आत उदागीरबाबांची समाधी. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथंच नमवलं.

🚗 टाकी मुखेडातच फुल करा. पाऊस झाला असेल तर गाडी डांबरीवरून खाली घालू नका. काळी माती चाक सोडत नाही. सोबत दशम्या-चटणी, पाण्याचा कॅन घ्या. पावसाळा सरल्यावर निघालात तर उत्तम.

कोण कोण येतंय?