तीर्थपुरीचें ‘तीर्थ’

दारूस थट्टेनें ‘तीर्थ’ म्हणण्याची खोड मराठी माणसास फार दिवसांची आहे. जालना जिल्ह्यांतील ज्या गांवाच्या नांवांतच तीर्थ आहे, त्या तीर्थपुरीच्या लोकांनीं तरी ही थट्टा गांभीर्यानें घ्यावी, अशी आमची विनंति आहे. या टापूंतील मुलें जालना, छत्रपति संभाजीनगर, पुणें येथें शिकावयास जातात. तेथें पहिला पेला वैरी देत नाहीं, स्नेही देतो. निकाल लागला, वाढदिवस आला, कीं ‘एकदांच’ म्हणून आग्रह होतो. आणि नको म्हणणारा खेडवळ ठरतो.

यावर कित्येक आईबाप म्हणतात, मुलगा सज्ञान झाला, आतां त्यास कोण सांगणार? त्यांस कायदा ठाऊक नसावा. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रांत आजहि अंमलांत आहे. अठराव्या वर्षीं मताचा हक्क मिळतो. परंतु या राज्यांत बिअर व वाइन यांसाठीं २१ आणि कडक मद्यासाठीं २५ वर्षें पुरीं व्हावीं लागतात, व त्यानंतरहि परवाना लागतो. पदवीचा विद्यार्थी बहुधा अठरा ते एकवीस वर्षांचा असतो. म्हणजे त्याच्या हातीं आलेली बाटली बहुतेक वेळां कोणा मोठ्या माणसानें कायदा मोडून दिलेली असते. मग दोष एकट्या मुलाच्या माथीं कसा मारावा?

१९ मे २०२४ रोजीं पुण्याच्या कल्याणीनगरांत १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीखालीं दोन तरुण अभियंत्यांचे प्राण गेले. तो मद्यगृहांतून पिऊन निघाला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. आरोप खरा असेल, तर त्या रात्रीं वय विचारणारा एकहि मनुष्य त्यास भेटला नाहीं, असेंच म्हणावें लागेल. एका प्रश्नानें कदाचित् दोन जीव वांचले असते.

‘आम्हीं न दिली तर शेजारचा देईल,’ असें दुकानदार म्हणतात. मापांत पाप करणाराहि हेंच म्हणतो! जोतीराव फुले स्वतः व्यापार व कंत्राटें करीत. तरी १८८० सालीं पुणें नगरपालिकेचे सभासद असतां त्यांनीं दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठविला. धंदा आणि विवेक एका घरांत नांदूं शकतात, यास आणखी पुरावा कशास हवा?

ज्या गांवांतील वा प्रभागांतील निम्म्याहून अधिक स्त्री मतदार ‘आडव्या बाटली’स मत देतात, तेथील दुकान बंद करण्याची तरतूद राज्यांत आहे. आमच्या भगिनींनीं ती ध्यानांत ठेवावी. तथापि केवळ बंदीनें कार्य होतें, असें आम्ही मानीत नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं केलेली बंदी सरकारनेंच २०२१ सालीं उठविली. खरें काम घरीं व पेठेंत आहे. विक्रेत्यानें वयाचा दाखला पाहिल्यावांचून बाटली देऊं नये. बापानें मुलाचें सामान बांधतांना त्याच्याशीं या विषयावर मोकळेपणीं बोलावें. आणि स्वतः पीत असेल, तर आधीं स्वतः सोडावी. मुलगा व्यसनांत सांपडलाच, तर लोकलाजेस्तव झांकूं नये. त्यास वैद्याकडे न्यावें, कारण तो रोग आहे.

मुलाच्या शिक्षणासाठीं शेत गहाण टाकणारा बाप आमच्या परिचयाचा आहे. त्याची जमीन पुस्तकांत जावी, पेल्यांत नव्हे, एवढेंच आमचें मागणें आहे.