चाकाचा स्वभाव साच्यात ठरतो

अमेरिकन मालगाडीचं शंभर वर्षांपूर्वीचं बिडाचं चाक फोडलं, की तुटलेल्या तोंडावर दोन रंग दिसतात. रुळावर फिरणाऱ्या धावेपासून साधारण अर्धा ते पाऊण इंच आतपर्यंत लखलखीत पांढरा पट्टा. त्या पट्ट्यात धावेकडून केंद्राकडे निघालेल्या बारीक, सरळ रेषा. तिथून पुढे तुंब्यापर्यंत सगळं करडं आणि दाणेदार. पांढऱ्या भागावर कानस नुसती घसरते, करडा भाग मात्र लेथवर बिनतक्रार कातून होतो. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेत, असंच कुणालाही वाटेल. पण जोडलेलं इथे काहीच नाही. एका लॅडलमधून, म्हणजे वितळलेला धातू वाहून नेणाऱ्या भांड्यातून, एका दमात ओतलेलं ते एकच बीड आहे. दोन रंग साच्याने केले.

साचा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आकार येतो, गणपतीच्या मूर्तीचा किंवा नळाच्या तोटीचा. रेल्वेच्या चाकाच्या ओतशाळेत साचा आकार देतोच, पण त्याहून मोठं काम करतो: धातूच्या कुठल्या भागातली उष्णता किती वेगाने काढून घ्यायची, हे तो ठरवतो. आणि त्यावरून त्या भागाचा स्वभाव ठरतो.

बिडात साधारण साडेतीन टक्के कार्बन असतो. वितळलेल्या लोखंडात तो पूर्ण विरघळलेला असतो. बीड सावकाश गार झालं, तर कार्बनच्या अणूंना एकत्र यायला सवड मिळते आणि ग्रॅफाइटचे, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचेच, पापुद्रे लोखंडात जागोजाग तयार होतात. हे करडं बीड. ते कातता येतं, भोक पाडता येतं, हादरे जिरवतं. तेच बीड झटक्यात गार केलं तर कार्बनला ती सवड मिळत नाही. तो लोखंडातच अडकतो आणि सिमेंटाइट नावाचं संयुग होतं, अत्यंत कठीण आणि तितकंच ठिसूळ. हे पांढरं बीड.

आता चाकाची गरज बघा. धाव कठीण हवी, कारण लोखंडी रुळावर हजारो मैल घासत जायचं आहे. तुंबा मऊ हवा, कारण त्याला भोक पाडून तो आसावर दाबून बसवायचा आहे. मधल्या थाळीने हादरे सोसायचे आहेत. एकाच वस्तूकडून इतक्या परस्परविरोधी मागण्या! एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन ओतकाऱ्यांनी त्या एका कड्याने पुऱ्या केल्या. साच्याचा खालचा आणि वरचा भाग वाळूचा, पण मध्ये, जिथे धाव आणि फ्लँज (चाक रुळावरून घसरू न देणारा उंच काठ) यायची तिथे, जाडजूड बिडाचं कडं. याला म्हणतात चिल. त्याची आतली बाजू धावेच्या नेमक्या आकारात कातलेली. वितळलेलं बीड मधून, तुंब्याच्या बाजूने ओतलं की ते पसरत कडेला जातं आणि त्या गार लोखंडी भिंतीला भिडतं. वाळू उष्णता धरून ठेवते, चिल ती शोषून घेतं. पांढऱ्या पट्ट्यातल्या त्या रेषा म्हणजे उष्णता बाहेर पळाली त्या दिशेने वाढलेले स्फटिक. उष्णतेचा प्रवास धातूवर कायमचा नोंदला जातो आणि शंभर वर्षांनी चाक फोडलं तरी वाचता येतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

दिसायला सोपी युक्ती, पण तिच्याभोवती केवढं तरी बारीक काम होतं. चिल कोरडंठाक लागायचं. त्यावर नुसता दमटपणा धरला तरी वाफ होऊन बीड उसळायचं. कपोला भट्टीतून आलेलं बीड साच्यात जाण्याआधी त्याचा छोटा ठोकळा चिललगत ओतून, गार करून फोडायचे आणि पांढऱ्याची खोली बघायचे. ती कमी भरली तर धाव लवकर झिजणार. जास्त भरली तर फ्लँज काचेसारखी तुटणार. त्यावरून भट्टीतलं मिश्रण बदलायचं. कनेटिकट राज्यातल्या सॅलिसबरी भागातलं लाकडी कोळशावर गाळलेलं लोखंड चाकांसाठी नावाजलेलं होतं, ते याच भरवशामुळे. शिवाय गार होताना चाक आकसतं आणि चिलपासून सुटतं. मध्ये हवेची फट पडली की शोषण मंदावतं. त्यावर उपाय म्हणून फटी पाडून तुकड्यांची केलेली चिलं आली. तापली की त्यांचे तुकडे आत सरकायचे आणि आकसणाऱ्या चाकाचा पाठलाग करायचे.

सगळ्यात घातक अडचण मात्र ओतून झाल्यावर यायची. कड आधी गोठायची, जाड तुंबा मागाहून. उशिरा आकसणारा तुंबा आधीच कडक झालेल्या थाळीला आत ओढायचा आणि चाक त्या ताणातच जन्माला यायचं. मग कधी तरी थंडीच्या रात्री, धावत्या गाडीखाली, तडा. सुरुवातीला तुंबाच चिरलेला ओतायचे आणि फटींत लोखंडाच्या पट्ट्या ठोकायचे. फिलाडेल्फियाच्या एसा व्हिटनी यांनी 1840च्या दशकाच्या अखेरीस याहून चांगला मार्ग काढला. इंजिनं बांधणाऱ्या मॅथायस बाल्डविन यांचे ते काही वर्षं भागीदार होते. त्यांनी लालबुंद चाक साच्यातून लगेच उपसून, आधीच तापवलेल्या खड्ड्यात इतर चाकांवर रचून, झाकण लावून, काही दिवस सावकाश गार होऊ दिलं. पांढरी धाव तोवर तयार झालेली असते, तिला धक्का लागत नाही. पण सगळं चाक एका तापमानाला येऊन एकत्रच गार होत गेल्याने आतला ताण विरतो.

ताण खरंच गेला का, हे तपासायची रीत तर अंगावर काटा आणणारी. नमुन्याचं चाक वाळूत आडवं ठेवायचं, धावेभोवती वाळूची गोल चर करायची आणि त्या चरीत वितळलेलं बीड ओतायचं. गार चाकाला अचानक आगीचा पट्टा! दोन मिनिटांत चाक तडकलं तर ते नापास. उतारावर ब्रेक लावल्यावर धाव अशीच तापते, तेव्हा परीक्षा उगाच क्रूर नव्हती.

ही विद्या युरोपात गाजवली ती बुडापेस्टच्या एका स्विस माणसाने. आब्राहाम गान्झ 1841 साली तिथे आले, लवकरच ओतकामाच्या अपघातात एक डोळा गमावून बसले, आणि तरी 1840च्याच दशकात बुडामध्ये स्वतःची ओतशाळा काढली. चिल पद्धतीची अमेरिकन चाकं 1850च्या दशकात त्यांच्या नजरेस पडली. त्यांनी चिलच्या आतल्या बाजूला अँटिमनीचा लेप द्यायची पद्धत बसवली. त्यामुळे चाकाची धाव नितळ यायची. 1867 साली त्यांच्या ओतशाळेतून एक लाखावं चाक निघालं, त्याचा सोहळा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले. ती ओतशाळा 1964पर्यंत चालू होती. पुढे तिचं संग्रहालय झालं. गान्झकडे आलेले आंद्राश मेख्वार्ट यांनी हेच चिल केलेलं बीड पिठाच्या गिरणीत नेलं आणि दगडी जात्यांच्या जागी खाचांचे लोखंडी रोलर बसवले. रेल्वेच्या चाकाने युरोपाच्या पावाचं पीठ बदललं म्हणायला हरकत नाही. आज आपल्या सोलापुरात मोटारींसाठी चिल्ड बिडाचे कॅमशाफ्ट ओतले जातात आणि परदेशी कंपन्यांना जातात. तिथेही घासणारे उंचवटे पांढरे, गाभा करडा.

ब्रिटिशांना मात्र प्रवासी गाडीखाली बिडाचं चाक नको वाटायचं. त्यांची रीत घडीव लोखंडाच्या चाकावर वेगळी पोलादी धाव तापवून चढवायची. जर्मनीत आल्फ्रेड क्रुप यांनी 1850च्या दशकात बिनजोड पोलादी धावा करून नाव कमावलं. त्यांच्या कंपनीच्या चिन्हातली तीन कडी म्हणजे त्याच धावा. पण चढवलेली धाव ब्रेकने तापली की सैल पडू शकते. आणि गाड्या जड होत गेल्या तसं बिडाचं चाकही मागे पडलं: पांढरं बीड दाब सोसतं, पण जबर उष्णता आणि हिसका सोसत नाही. हवं होतं अख्खं, एकसंध पोलादाचं चाक. ते घडवून करता येतं. ओतून करणं मात्र अवघड, कारण पोलाद बिडापेक्षा कितीतरी जास्त तापमानाला वितळतं, साच्यात उसळतं, हवा आणि मळी आत घेतं, आकसताना पोकळ्या सोडतं.

याचं उत्तर शिकागोच्या ग्रिफिन कंपनीने काढलं. बंगळूरजवळच्या येलहंका इथे ती पद्धत आपल्या रेल्वेच्या कारखान्यात 1984पासून चालू आहे. तेव्हा त्याचं नाव व्हील अँड ॲक्सल प्लांट. आता रेल व्हील फॅक्टरी. कामातून गेलेली चाकं आणि आसांचे तुकडे विजेच्या आर्क भट्टीत वितळवून त्यांचीच नवी चाकं होतात. वितळलेल्या पोलादाची लॅडल एका टाकीत उतरवतात आणि टाकीवर घट्ट झाकण बसवतात. झाकणातून एक उष्णतारोधक नळी लॅडलच्या तळाजवळ जाते. साचा येतो झाकणाच्या वर. मग टाकीत दाबाची हवा सोडतात. हवा पोलादाच्या पृष्ठभागाला दाबते आणि पोलाद नळीतून वर चढून साच्यात खालून शिरतं.

म्हणजे इथे पोलाद ओतत नाहीत, चढवतात. ही एक गोष्ट उलटी केल्याने किती प्रश्न एकदम सुटतात! मळी हलकी, ती वर तरंगते. नळी तळाचं स्वच्छ पोलाद उचलते. वरून धार पडत नाही, म्हणून शिंतोडे नाहीत, हवेचे बुडबुडे नाहीत. दाब किती लागतो? वितळलेलं पोलाद पाण्याच्या साधारण सातपट जड, त्यामुळे ते 1 मीटर वर चढवायला वातावरणाच्या दाबाच्या दोन-तृतीयांशाएवढा जादा दाब पुरतो. हवेच्या एवढ्याशा दाबाने जवळपास अर्ध्या टनाचं चाक मिनिटभराच्या आत भरतं. भरलं की साच्याचं खालचं तोंड दट्ट्याने बंद करतात, दाब सोडला की नळीतलं पोलाद परत लॅडलमध्ये उतरतं आणि पुढचा साचा वर येतो.

साचा आहे ग्रॅफाइटचा. बिडात जे पापुद्रे सावकाश जमायचे, त्याच पदार्थाचे हे भलेमोठे ठोकळे. ग्रॅफाइट पोलादाच्या उष्णतेला वितळत नाही आणि उष्णता भराभर ओढून घेतं. पण तापलेलं पोलाद ग्रॅफाइटमधला कार्बन विरघळवून घेऊ शकतं, म्हणून आतून उष्णतारोधक लेप फवारतात. साचा गरम असल्याने लेपातलं पाणी तिथल्या तिथे उडून जातं. धाव इतकी नेमकी निघते की ती कातावीच लागत नाही. वरच्या अर्ध्या साच्यात जागोजाग रायझरच्या पोकळ्या असतात आणि त्यांना आतून वाळूचं अस्तर. ग्रॅफाइटजवळचं पोलाद आधी गोठतं, वाळूजवळचं शेवटपर्यंत पातळ राहतं आणि आकसणाऱ्या चाकाला वरून पोलाद पुरवत राहतं. कोण आधी गोठणार आणि कोण शेवटी, हे पुन्हा साच्यानेच ठरवलं.

पुढचा टप्पा मला सगळ्यात जास्त आवडतो. तयार चाक भट्टीत पुन्हा लाल करतात आणि फक्त धावेवर पाण्याचे फवारे मारतात. कड आधी गार आणि कडक होते. मग थाळी आणि तुंबा गार होऊन आकसतात आणि कडेला आत ओढतात. आपल्याकडे लोहार बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवलेली धाव चढवतो आणि ती आकसून लाकूड आवळते. इथे ओढणारा आतला भाग आणि आवळली जाते ती कड. कड कायमची दाबाखाली राहते आणि दाबाखालच्या पोलादात चीर उघडत नाही. व्हिटनींनी जो आतला ताण काढून टाकायला काही दिवस खर्ची घातले, तोच ताण आजच्या ओतकाऱ्यांनी मुद्दाम चाकात भरला.

त्याची परीक्षा घाटात होते. खंडाळ्याहून कर्जतकडे उतरणाऱ्या भोर घाटात उतार 37ला 1 आहे. मालडब्यांना ब्रेकचे ठोकळे थेट धावेवर दाबून लागतात आणि भरलेल्या बीओएक्सएन जातीच्या वाघिणीच्या एका आसावर वीस टनांहून जास्त भार असतो. कड तापते, फुगायला बघते. गार थाळी तिला धरून ठेवते. कड फारच तापली तर पोलाद त्या दाबात जागच्या जागी चेपलं जातं आणि गार झाल्यावर आखूड पडलेल्या कडेत दाबाऐवजी ताण उरतो. चीर उघडायला तेवढं पुरतं. म्हणून चाकाची थाळी सपाट न ठेवता तिला बाक देतात, कड फुगली की थाळी थोडी वाकून तिला जागा करून देते. बिडाच्या चाकांनाही असेच बाक आणि फुगवटे होते, तेही आकसण्याला वाट देण्यासाठीच.

कडेत दाब आहे की ताण, हे बाहेरून बघून कळत नाही. ते कळायला नमुन्याचं चाक बळी द्यावं लागतं. फ्लँजकडून केंद्राच्या दिशेने करवतीने कड कापत जायची. दाब असेल तर फट मिटू लागते आणि पातं जागीच आवळलं जातं. ताण असेल तर पातं पुढे जाईल तशी मागची फट रुंदावत जाते, आणि तशा उपचारातून गेलेल्या सगळ्याच चाकांबद्दल शंका उभी राहते.