चौकट : थोडक्यात हुकलेली गाणी

यादीचा उंबरठा : ‘बिलबोर्ड’ची ‘हॉट १००’ यादी १९५८पासून. शंभरच्या अलीकडे अडलेल्या गाण्यांसाठी १९५९मध्ये ‘बबलिंग अंडर’ ही वेगळी यादी निघाली. आपल्याकडची ‘बिनाका गीतमाला’ (१९५२, रेडिओ सिलोन) मुख्यतः हिंदी चित्रपटगीतांची. मुंबई-गोव्याचं इंग्रजी पॉप-रॉक तिथे कुठून वाजणार?

बी-साइड : छोट्या तबकडीची मागची बाजू, दुय्यम मानलेलं गाणं इथे. कधी डाव उलटतो. बंगळुरूचा संगीतनिर्माता बिद्दू याने केलेलं ‘कुंग फू फायटिंग’ (१९७४) मागच्या बाजूसाठी होतं. ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

आशा पुथली : गायिका, जन्म मुंबई. ‘स्पेस टॉक’ (१९७६, अल्बम ‘द डेव्हिल इज लूज’) विक्रीच्या याद्यांपेक्षा न्यूयॉर्कच्या डिस्कोंत रुळलं. पुढे १९९७मध्ये रॅपर नोटोरियस बी.आय.जी.च्या अल्बममध्ये त्याचा तुकडा वापरला गेला.

रेमो फर्नांडिस : गोव्याचा गायक. अल्बम ‘गोवन क्रेझी’ (१९८४). कंपन्यांनी नाकारल्यावर शिवोलीतल्या घरीच ध्वनिमुद्रण. बहुतेक वाद्यंही स्वतःच वाजवलेली. कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर लादून दुकानोदुकानी पोचवल्या. देशभर नाव झालं ते ‘जलवा’ (१९८७) या हिंदी चित्रपटातल्या गाण्यामुळे.