पॉइंट टू-टूची गोळी स्वस्त का?

रे रोडच्या एका वाचकाला पिस्तूल नेमबाजीचा स्वस्त सराव हवाय. परदेशात किट लावून ९ मिमी पिस्तुलाची स्लाइड, नळी, मॅगझिन बदलतात आणि त्यातून पॉइंट टू-टू (.२२ इंची) गोळी झाडतात. ही गोळी स्वस्त, कारण तिला वेगळी टोपी (प्रायमर) नसते. पितळी पुंगळीच्या पोकळ काठातच स्फोटक मिश्रण भरलेलं असतं. झाडलेली पुंगळी पाहा, काठावर पिनेचा खड्डा दिसेल. काठ चेपला जावा म्हणून पत्रा पातळ, म्हणून दाबही बेताचा. जड स्लाइड त्याने मागे ढकलली जात नाही, म्हणून किटमधली हलकी असते.

आपल्याकडे सर्वसामान्यांना ९ मिमीचा परवानाच मिळत नाही, म्हणून किटचा मार्ग बंद. पण मुळातच पॉइंट टू-टूचं असलेलं पिस्तूलही कमी नाही. नेमबाज राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण पॉइंट टू-टूवरच जिंकलं. सुरुवात मात्र वरळीच्या रेंजवर, प्रशिक्षकासमोर, एअर पिस्तुलानेच करा.