डंखाची ॲलर्जी : पुढच्या डंखाआधी काय करावे

अंबड-घनसावंगीच्या मोसंबी बागांत बहर धरला की मधमाश्यांची वर्दळ वाढते. बहुतेकांना डंखाचा त्रास आग आणि सुजेपुरताच होतो. काहींच्या मात्र एकाच डंखाने जिवावर बेतते. अशांसाठी विषाचेच इंजेक्शन देऊन करायचा उपचार आहे. तो टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

१. ओळखा. नुसता हात सुजला, तर ती जागेवरची प्रतिक्रिया. अंगभर गांधी, घसा आवळणे, धाप, भोवळ ही ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे सर्वांगाला ग्रासणाऱ्या ॲलर्जीची लक्षणे. आग्या मोहोळ उठून शेकडो डंख बसले, तर ती विषबाधा; तिथेही रुग्णालय गाठायचेच.

२. आधी जीव वाचवा. काटा ताबडतोब काढा. चुना लावण्यात, लोखंड घासण्यात वेळ दवडू नका. १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवे ठेवा, धाप असेल तर बसवा, चालवू नका. मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन हेच पहिले औषध. ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नका.

३. तपासणी करा. बरे वाटले की विषय संपला असे समजू नका. ४ ते ६ आठवड्यांनी ॲलर्जीतज्ज्ञांकडे त्वचेची व रक्ताची चाचणी करा. घाई केल्यास ती चुकीची नकारात्मक येऊ शकते. मधमाशी होती की गांधीलमाशी, तेही सांगा. दोघींचे विष वेगळे. रक्तदाबाच्या गोळ्या दाखवा, पण परस्पर बंद करू नका.

४. इंजेक्शने. सुरुवात अत्यल्प विषाने. साधारण दर आठवड्याला मात्रा वाढवत १०० मायक्रोग्रॅमवर नेतात. म्हणजे अंदाजे दोन मधमाश्यांच्या डंखांइतके विष. मग दर ४ ते ६ आठवड्यांनी तीच मात्रा. शरीराला विषाची सवय होते. प्रत्येक वेळी किमान अर्धा तास दवाखान्यातच थांबा.

५. इथे चुकते. काही महिन्यांनी धीर येतो आणि खेपा थांबतात. उपचार ३ ते ५ वर्षांचा आहे, तो पुरा करा. औषध कोणते, हेही विचारा. १९७८ च्या अमेरिकी अभ्यासात शुद्ध विषाने संरक्षण मिळाले. कीटकाच्या अख्ख्या शरीराचा अर्क मात्र उपयोगी ठरला नाही.

६. जाण्याआधी. शुद्ध विषाचे औषध सगळीकडे मिळत नाही. फोन करून खात्री करा, मगच प्रवासखर्च करा. तोवर ॲड्रेनलिन कसे द्यायचे, हे डॉक्टरांकडून घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या. उपचारानंतरही ते जवळ ठेवायचे का, हे डॉक्टरांना विचारा. संरक्षण मोठे असले तरी शंभर टक्के नसते.