होडी भरली, तरी बुडूं नये म्हणून

प्रेषित पौल ज्या गलबतांतून रोमेकडे चालला होता, तें माल्टा बेटाच्या किनाऱ्याशीं फुटलें, तेव्हां ज्यांस पोहतां येत नव्हतें ते फळ्या व मोडके तुकडे धरून तीरास लागले, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. लांकूड सहसा पाण्याहून हलकें असल्यामुळें होडी मोडली, तरी तिचे तुकडे तरंगतात. परंतु आज खाड्यांत व किनाऱ्यांवर दिसणाऱ्या लहान होड्यांपैकीं पुष्कळशा फायबरच्या असतात, आणि फायबरचें वजन तितक्याच आकारमानाच्या पाण्याच्या सुमारें दीडपट भरतें. अशी होडी पाण्यानें भरली, कीं ती सरळ तळाशीं जाते. धरावयास फळीही उरत नाहीं. म्हणून तिच्या पोटांत बारीक, बंद पेशींचा हलका फोम बसवितात. जुनी होडी घेऊन ती दुरुस्त करणारे लोक रंग, वल्हीं व यंत्र यांची चौकशी मोठ्या आवडीनें करितात; फोमकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. तो कसा निवडावा, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम तो किती लागतो, तें पाहूं. वर्गांत शिकलेला आर्किमिडीजचा नियम येथें उपयोगीं पडतो. एक लिटर गोड्या पाण्याचें वजन एक किलोग्रॅम असतें. ज्या फोमचें वजन लिटरला ३२ ग्रॅम आहे, तो पाण्यांत बुडविला असतां लिटरमागें ९६८ ग्रॅम भार उचलून धरतो. आतां समजा, होडीचें फायबर १०० किलोग्रॅम आहे. तें स्वतः सुमारें ६७ लिटर पाणी बाजूस सारतें. म्हणजे त्याच्यासाठीं ३३ किलोग्रॅमचाच आधार हवा. यंत्राचे ३० धरूं. काठास धरून पाण्यांत राहणाऱ्या चार माणसांचे प्रत्येकीं १० पुरेत, कारण मनुष्याचें शरीर बहुतांशीं आपणच तरतें. एकूण १०३ झाले. त्यांत चतुर्थांश भर घालून १३० धरावे. यासाठीं सुमारें १३५ लिटर फोम लागतो, म्हणजे एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद व २७ सेंटिमीटर जाड एवढा ठोकळा. समुद्राचें पाणी किंचित् जड असल्यामुळें तेथें आधार थोडा अधिकच मिळेल.

या हिशेबांतून एक गोष्ट ध्यानांत येते. दुप्पट वजनाचा, म्हणजे लिटरला ६४ ग्रॅम भरणारा फोम घेतला, तरी तो ९३६ ग्रॅम उचलतोच. फरक अवघा ३२ ग्रॅमांचा. तेव्हां ‘आमचा माल अधिक तारतो’ असें कोणी दुकानदार म्हणूं लागला, तर त्याकडे फारसें लक्ष देऊं नये. खरा प्रश्न असा, कीं दहा वर्षांनीं तो फोम कोरडा राहील काय, आणि तो कोरडा आहे कीं नाहीं हें आपणांस पाहतां येईल काय?

ओतावयाचा पॉलियुरेथेन फोम सर्वांत मोहक. दोन द्रव एकत्र ढवळून ओतले, कीं ते उकळत्या दुधाप्रमाणें वर येतात, कानाकोपरा भरून टाकतात व कांहीं मिनिटांत घट्ट होतात. अमेरिकेंतील ‘बोस्टन व्हेलर’ या १३ फुटी होडीच्या दोन आवरणांमध्यें असाच फोम भरलेला असे. ती होडी करवतीनें मधोमध कापली, तरी तरंगत राहिली, याचीं छायाचित्रें ‘लाइफ’ साप्ताहिकांत १९६१ सालीं प्रसिद्ध झालीं व जगभर गाजलीं. परंतु अशी होडी जुनी झाली म्हणजे निराळी कथा सुरू होते. स्क्रूच्या एखाद्या उघड्या भोकांतून पाणी आंत झिरपतें, आणि चोहोंकडून कोंडलेल्या फोमला सुकावयास वाव नसतो. त्याच्या आकारमानाच्या शंभर भागांत चाळीस भाग पाणी शिरलें, तर आमच्या उदाहरणांतील १३५ लिटर फोम ५४ किलोग्रॅम पाणी बाळगून बसेल. वरून कांहींच दिसत नाहीं. फक्त होडी ओढून आणतांना ‘ही इतकी जड कशी झाली?’ असें वाटतें. तळची फळी प्लायवूडची असेल, तर ती कुजूं लागते. पुढें हा फोम छिनीनें कोरून काढावा लागतो. शिवाय मिश्रणाच्या वाफा फुप्फुसांस अपायकारक असतात. तें काम मुलांचें नव्हे. जाणत्यानेंही तें उघड्या हवेंत, मुखाच्छादन व हातमोजे घालून, थोडें थोडें मिश्रण ओतून करावें. नाहींतर फुगणाऱ्या फोमच्या दाबानें तक्तपोशी वर उचलली जाते.

मखरासाठीं पूर्वी वापरीत तो दाणेदार थर्माकोल स्वस्त खरा, पण त्याच्या दाण्यांमधील फटींतून पाणी शिरतें. त्याचाच भाऊबंद, एक्सपीएस नांवानें मिळणारा गुळगुळीत दाट तक्ता, पाणी फारच थोडें घेतो. मात्र पेट्रोल लागलें, कीं हे दोघेही विरघळतात. फायबरकामांत सर्रास वापरली जाणारी पॉलिएस्टर रेझिनही त्यांस खाऊन टाकते. तेथें इपॉक्सीच वापरावी. ईपीई म्हणजे पॉलिएथिलीनचा मऊ तक्ता पेट्रोलास पुष्कळ दाद देत नाहीं, म्हणून यंत्राजवळ तो बरा. थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्या घट्ट बुचें लावून भरण्याची युक्ति कांहीं लोक सांगतात. ती हसण्यासारखी नाहीं. एक गळली तरी बाकीच्या तारतात, परंतु गोल बाटल्यांमधील जागा फुकट जाते.

आमचें मत असें, कीं जुन्या होडींत काढतां घालतां येतील असे तक्तेच बसवावे, आणि त्यांखालून पाणी वाहून जाण्यास वाट ठेवावी. वर्षांतून एकदां ते काढून तागडींत घालावे. वजन वाढलें असेल, तर तक्ता बदलावा.

तरी जागा चुकली, तर उत्तम फोमही घात करितो. सर्व फोम तळाशीं भरला, तर पाण्यानें भरलेली होडी पालथी होऊं पाहते, कारण फोम वर येऊं इच्छितो. तो दोन्ही बाजूंस, काठाखालीं व बाकांखालीं उंच असावा. मागें यंत्राचा भार असल्यामुळें कांहीं भाग तेथेंही ठेवावा. कोंकणांतील होडीस जी उलांडी बांधतात, तिच्यांतही हेंच तत्त्व आहे: तरतें लांकूड मध्यापासून जितकें दूर, तितका उलथण्याविरुद्ध आधार अधिक.

ठोकळे पट्ट्यांनीं घट्ट बांधावे. वर उसळणारा १३० किलोग्रॅमचा जोर त्या पट्ट्यांवरच येणार आहे. मग कंबरभर संथ पाण्यांत, यंत्राऐवजीं तेवढ्या वजनाचें लोखंड मागें बांधून, होडी काठोकाठ भरावी, आणि जीवरक्षक जाकिटें घातलेल्या चार मोठ्या माणसांनीं तिच्या काठास धरून पाहावें. ती सपाट तरली, तर तिला खोल पाण्यांत नेण्यास हरकत नाहीं.